माळ्यावर सापडलेला नांगर

मंडळी, या खेपेला नांगराविषयी लिहितो आहे. तुम्ही म्हणाल, नांगराविषयी आम्हाला नवीन ते काय सांगणार? खरे आहे. पण हा नांगर जेमतेम वीतभर लांब आहे, त्याला बैल लागत नाहीत, आणि तो सापडला लालबागच्या एका चाळीतल्या खोलीच्या माळ्यावर. पाच जणांनी तो हातात घेऊन पाहिला आणि पाचांनाही तो नीट ओळखता आला नाही. त्या पाचांत मीही होतो, आणि सर्वांत मोठी चूक माझ्याच हातून झाली. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख.

माझी आत्या पाटण तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. वय ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत. दोन एकर जिरायत आणि चार भाऊ, तेव्हा एकाने मुंबईची वाट धरायची हे ठरलेलेच होते. आबा मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला गेले. घराणे शेतकऱ्याचे, पण त्यांना काम मिळाले ते गिरगावातल्या एका सुताराच्या कारखान्यात. काही वर्षे तिथे काढल्यावर ते परळच्या एका गिरणीच्या सुतारखात्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. आत्याचे यजमान त्याच गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे काय झाले ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरांनी सोसले आहे. यजमान वळकटी घेऊन गावी परत आले आणि शेतीला लागले. लालबागची खोली धाकट्या दिराकडे राहिली.

गावात माणसे बोलायची, "दोन पिढ्यांनी मुंबई केली आणि आणलं काय?" आत्या ऐकून घ्यायची. आबा मुंबईत नेमके काय काम करत होते, हे तिलाही नीट सांगता येत नसे. "गिरणीत हुते," एवढेच ती सांगे.

आता ती चाळ पाडून तिथे नवी इमारत व्हायची आहे. खोली रिकामी करताना दिराच्या मुलाला माळ्यावर एक लाकडी पेटी सापडली. आबांची म्हणून त्याने ती ट्रान्सपोर्टने गावी पाठवली. पेटीत दोन पटाश्या, एक गुण्या, एक मोगरी आणि करवतीचे पाते होते. हे सगळे ओळखीचेच. तळाशी मात्र जुन्या सदऱ्यात गुंडाळलेली एक अनोळखी वस्तू होती.

पाच माणसे, पाच मते

वस्तू कशी होती ते सांगतो. वीतभर लांबीचा, फिकट रंगाचा एक लाकडी ठोकळा. त्याला आडव्या दोन चौकोनी दांड्या आरपार घातलेल्या. दांड्यांच्या एका टोकाला दुसरी एक लाकडी पट्टी पक्की बसवलेली, आणि दांड्या सरकवल्या की ही पट्टी ठोकळ्याच्या जवळ येते किंवा लांब जाते. दांड्या जागेवर घट्ट करायला दोन लहान पाचरी. ठोकळ्याखाली तळ म्हणावा असा भागच नाही. तिथे उभी बसवलेली, पावलीच्या जाडीची एक लोखंडी पट्टी. शेजारी पितळेचा एक स्क्रू आणि त्याने वरखाली होणारा छोटा तुकडा. ठोकळ्याच्या डोक्यातून तिरपे घुसवलेले एक पोलादी पाते. आणि एका तेलकट फडक्यात बांधलेली तशीच आणखी चार पाती, प्रत्येकाची रुंदी वेगळी.

आत्याचा नातू म्हणाला, हा साच्याचा सुटा भाग असणार. शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, दांड्या सरकतात त्या अर्थी हे मोजमापाचे साधन आहे. गावातल्या तरुण सुताराने हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "पातं बघून रंधा वाटतोय, पण रंध्याला तळ नको का? हा लाकडावर टेकायचा कशावर?" भंगारवाल्याने डोके चालवलेच नाही. पितळ एका भावाने, लोखंड दुसऱ्या भावाने, आणि लाकूड तुम्हीच बंबात घाला, असा त्याने हिशेब सांगितला. मी चार बुके शिकलेला, म्हणून सर्वांत लांबचा शोध लावला. मी सांगितले की हे पुस्तकबांधणीवाल्यांचे कागद कापायचे यंत्र आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पण वस्तू फार मळकी दिसत होती. ती जरा स्वच्छ करावी म्हणून मी पॉलिशपेपर घेतला आणि ठोकळ्याचे पुढचे टोक घासायला लागलो. काळा थर निघाला, खाली सुरेख फिकट लाकूड दिसू लागले. मला मोठे समाधान वाटले. मग लक्षात आले की त्या काळ्या थरात काही इंग्रजी अक्षरे ठोकलेली होती. हात थांबला तेव्हा ओळीच्या शेवटची तीनच अक्षरे उरली होती. जी, ओ, डब्ल्यू. आधीची सगळी भुकटी होऊन खाली सांडली होती.

आत्या उंबऱ्यात बसून पाहत होती. ती म्हणाली, "मामंजींचं हाय ते. कळत न्हाई तवर हात लावू नये रं." यापेक्षा शहाणपणाचा सल्ला मला नंतर कोणी दिला नाही.

गिरगावात ओळख पटली

मुंबईला परत जाताना मी ती वस्तू पिशवीत घालून नेली. आधी नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारे आणि हार्डवेअर यांचा मुंबईतला हा जुना बाजार. दोन-तीन दुकानदारांनी मान हलवली. एकाने मात्र ठाकूरद्वारजवळच्या गल्लीत राहणाऱ्या एका वयोवृद्ध सुतारांकडे जायला सांगितले.

ते मूळचे मालवणकडचे. कारखाना कधीच बंद झालेला, नजर अधू झालेली. मी पिशवीतून वस्तू काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे जवळजवळ मिटूनच ती चाचपली. डावा हात आपोआप बाजूच्या पट्टीवर गेला, उजवा मागच्या बाजूवर बसला.

"हो तर खाचेचो रंधो! खंय गावलो तुमका?"

मग त्यांनी नातवाकडून एक फळीचा तुकडा मागवला आणि तो खाटेच्या कडेला अडकवला. पात्याला दगडावर चार हात दिले, पाचर ठोकून बसवले, बाजूची पट्टी फळीच्या कडेला टेकवली आणि रंधा पुढे ढकलला. फळीच्या कडेपासून बोटभर आत एक सरळ, बारीक खाच पडू लागली आणि ठोकळ्याच्या बाजूने लाकडाची गोल गोल सोलपटे बाहेर येऊ लागली. तळ का नाही, या गावातल्या सुताराच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळाले. हा रंधा लाकडाच्या वर चालत नाही, लाकडात उतरतो. खाच जसजशी खोल होते तसतशी ती लोखंडी पट्टी खाचेत बुडते आणि रंधा त्या पट्टीवर तोलून चालतो. रुंद तळ असता तर तो खाचेत गेलाच नसता.

या हत्याराला इंग्रज सुतार 'प्लाऊ' म्हणतात. प्लाऊ म्हणजे नांगर! आणि गंमत अशी की फ्रेंच भाषेत अशा रंध्याला 'बुव्हे' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे गोऱ्हा. दोन देशांच्या सुतारांना लाकडात खाच पाडताना शेतातले तासच आठवले.

ही उपमा तुम्ही माझ्यापेक्षा लवकर समजाल. पाते म्हणजे फाळ. मागची धरायची बाजू म्हणजे रुमणे. पितळी स्क्रूचा तुकडा ठरलेल्या खोलीला लाकडावर टेकतो आणि पात्याला त्याहून खाली जाऊ देत नाही. लोखंडी नांगराने नांगरताना एक बैल मागच्या तासातून चालतो, म्हणून पुढचे तास त्याच्या बाजूला सरळ पडते. इथे ते काम बाजूची पट्टी करते. ती फळीच्या कडेला घासत चालते, म्हणून खाच कडेपासून सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारख्याच अंतरावर राहते. फरक एकच. आपण या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगरत जातो. हा रंधा आधी फळीच्या पलीकडच्या टोकाला लावतात, तिथे आखूड हात मारतात, आणि मग थोडे थोडे मागे येत शेवटी सबंध लांबीचा हात देतात. असे केले म्हणजे पाते भरकटत नाही.

अशा रंध्याबरोबर आठ पात्यांचा संच येत असे. सर्वांत अरुंद पाते १/८ इंचाचे, आणि पुढे प्रत्येक पाते १/१६ इंचाने रुंद होत शेवटचे ९/१६ इंचाचे. प्रत्येक पात्याच्या पाठीला लांबट खोबण असते. ती लोखंडी पट्टीच्या धारेवर बसते, म्हणून पाते डावीउजवीकडे हलत नाही. आबांच्या फडक्यातली चार आणि रंध्यातले एक, अशी पाच पाती शिल्लक होती.

खाच कशासाठी?

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप एका खाचेसाठी? त्या खाचेत सुतारकीचे फार मोठे शहाणपण आहे.

लाकूड झाडावरून उतरले तरी हवेतले पाणी पीत राहते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते. मात्र हा बदल सगळीकडे सारखा होत नाही. रेषांच्या लांबीत तो जवळजवळ नसतोच, रुंदीत होतो. म्हणून श्रावणात दार चौकटीत अडकते आणि चैत्रात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. रुंद फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी पक्की केली तर तिला आकसायला वाव मिळत नाही, आणि ती उभी चिरते.

यावर जुन्या सुतारांनी उपाय काढला तो असा. चार अरुंद पट्ट्यांची चौकट करायची, तिच्या आतल्या कडांना खाच पाडायची, आणि मधली रुंद फळी त्या खाचेत नुसती सरकवायची. डिंक लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. फळी खाचेत जरा सैल राहते. पावसाळ्यात ती खाचेच्या आत फुगते, उन्हाळ्यात आकसते, पण दाराचे बाहेरचे माप बदलत नाही. पॅनेलचे दार म्हणतात ते हेच. पेटीचा तळ, टेबलाच्या खणाचा तळ, कपाटाची पाठ, तसबिरीची चौकट, सगळीकडे हीच युक्ती. भिंतीच्या फळ्या एकमेकींत बसवायच्या असल्या तर एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला दुसऱ्या रंध्याने काढलेली जीभ. जीभ खाचेत बसली की फळ्या आकसल्या तरी आरपार फट दिसत नाही.

गिरगावात हे काम किती लागत असेल याचा अंदाज खोताच्या वाडीतून किंवा जुन्या चाळींतून एक फेरी मारली तरी येतो. सागवानी खांब, लाकडी जिने, कठडे, खोल्यांमधल्या फळ्यांच्या भिंती, पॅनेलची दारे. यातला बराच साग ब्रह्मदेशातून जहाजाने येई. ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, ती याच गिरगावातली. आज त्या भागातल्या अनेक चाळी पडल्या, काही पडायच्या वाटेवर आहेत. सुतार चाळ आणि लोहार चाळ ही नावे मुंबईत राहिली आहेत, पण लोहार चाळीत आज लोहाराचा भाता नाही, तिथे विजेच्या सामानाची दुकाने आहेत.

विलायती हत्यार, बाभळीची पाचर

हा रंधा विलायतेचा. मग तो आबांच्या हाती कसा आला? नेमका कोणाकडून आला ते आता सांगायला कोणी नाही. पण अशी हत्यारे मुंबईत कोणत्या वाटांनी आली ते सांगता येते.

आपल्या गावचा सुतार जमिनीवर बसून काम करायचा, लाकूड पायाने दाबून धरायचा आणि वाकस, पटाशी, करवत, रंधा, सामता एवढ्यांवर नांगर-कुळवापासून गाडीच्या चाकापर्यंत सगळे घडवायचा. उभे राहून, टेबलाला लाकूड आवळून, वेगवेगळ्या खाचांना आणि नक्षीला वेगवेगळे रंधे वापरायची पद्धत युरोपातली. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली तिथे जॉन लॉकवूड किपलिंग शिकवायला आले आणि कारागिरीच्या शिक्षणाला जोर आला. जी. आय. पी. रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ पासूनचा. त्या काळी रेल्वेच्या डब्यांचे सांगाडे आणि आतले काम लाकडीच असे. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिलाच आपण व्ही. जे. टी. आय. म्हणतो. आणि कापड गिरण्या होत्याच. प्रत्येक मोठ्या गिरणीत दुरुस्तीसाठी सुतार लागत. एवढ्या ठिकाणी विलायती हत्यारे आल्यावर ती हातोहाती कारागिरांपर्यंत पोचली.

माझ्या पॉलिशपेपरातून वाचलेली जी, ओ, डब्ल्यू ही तीन अक्षरे ग्लासगो या नावाच्या शेवटाशी जुळतात. स्कॉटलंडमधल्या त्या शहरात मॅथिसन हा रंध्यांचा नामांकित कारखाना होता. हा रंधा त्याच कारखान्याचा की दुसऱ्या कोणाचा, हे आता कधीच कळणार नाही. ते मी पुसून टाकले.

सुदैवाने मागचे टोक मी घासले नव्हते. ठाकूरद्वारच्या त्या आजोबांनी ते टोक बोटाने चाचपून मला खिडकीतल्या उजेडात वाचायला लावले. तिथे तीन नावे होती. दोन इंग्रजी अक्षरांत शिक्क्याने ठोकलेली. ती आधीच्या मालकांची. रंध्याच्या टोकावर आपले नाव ठोकून ठेवायची कारागिरांत रीतच होती, म्हणजे कारखान्यात हत्यारांची अदलाबदल होत नसे. तिसरे नाव देवनागरीत होते, शिक्का नसल्यामुळे पटाशीच्या टोकाने कोरलेले. ते आबांचे होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. ठोकळ्याचे लाकूड बीच नावाच्या युरोपी झाडाचे, फिकट आणि बारीक ठिपक्यांचे. दांडी घट्ट करायची एक पाचरही तशीच. दुसरी मात्र लालसर, जड. "ही तुमच्याकडची," ते म्हणाले. मी निरखून पाहिले. बाभूळ! गाडीच्या आऱ्यांना, कुळवाच्या दिंडाला आपण जी वापरतो तीच. विलायती रंध्याची मोडलेली पाचर आबांनी गावच्या बाभळीची घालून भागवली होती. सुट्टीवर गावी आले असताना बांधावरची फांदी नेली असेल.

फडताळाची खडखड

खरी गोष्ट यापुढेच आहे. मी रंधा घेऊन पुन्हा गावी गेलो आणि आत्याला हे सगळे सांगितले. पॅनेलची फळी खाचेत सैल ठेवतात हे सांगितल्यावर ती एकदम गप्प झाली. मग उठून माजघरात गेली आणि मला हाक मारली.

माजघरात भिंतीला एक सागवानी फडताळ आहे. आबांनी एका मे महिन्याच्या रजेत ते घरीच केले होते. फडताळ उघडताना दाराची मधली फळी जराशी खडखडायची. आबा मुंबईला परत गेल्यावर घरातल्यांना वाटले, फळी नीट बसलेली नाही. शेतकऱ्याचा मुलगा, सुतारकी ती कितीशी येणार! म्हणून यजमानांनी दोन्ही दारांच्या फळ्यांना चारी कोपऱ्यांत खिळे मारून घेतले. खडखड थांबली. दोन पावसाळे गेले आणि डाव्या दाराची फळी वरपासून खालपर्यंत चिरली. तेव्हाही सगळे म्हणाले, लाकूडच कच्चे होते.

आबा पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी ते खिळे पाहिले. काही बोलले नाहीत. आत्याला ते एवढेच आठवते, की ते बराच वेळ दारासमोर उभे होते.

मी फडक्यातले पाव इंची पाते घेतले आणि चिरलेल्या फळीच्या फटीतून दिसणाऱ्या चौकटीच्या खाचेला लावून पाहिले. ते असे बसले की मध्ये कागदही जाऊ नये.

गावातल्या त्या तरुण सुताराला बोलावले. तो विजेच्या यंत्राने घंटाभराचे काम पाच मिनिटांत करतो, आणि त्यात काही वावगे नाही. पण खाच पाहून त्याने मान डोलावली. उजव्या दाराचे खिळे त्याने अंबुराने अलगद उपसले. ती फळी अजून शाबूत होती. दार लावले तर पूर्वीसारखे खडखडले. आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच." चिरलेली फळी बदलू का, असे त्याने विचारले, तेव्हा तिने नको म्हटले.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर

मंडळी, ही कथा एका घरची नाही. मुंबईच्या चाळी पाडल्या जात आहेत, खोल्या रिकाम्या होत आहेत, आणि माळ्यावरच्या पेट्या सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या घरी परत येत आहेत. त्यांत अनोळखी हत्यार निघाले तर एवढे करा.

१. पहिले काम, घासू नका. पॉलिशपेपर, वीट, राख, सोडा, काही नको. कारखान्याचे नाव बहुधा पुढच्या टोकाला आणि मालकांची नावे पुढे किंवा मागे असतात. आधी कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा आणि तिरप्या उजेडात वाचा. मोबाइलने फोटो काढून ठेवा.

२. स्वतःला चार प्रश्न विचारा. कापणारा भाग कोणता? टेकणारा भाग कोणता? सरकणारा भाग कोणता? आणि हाताने झिजून गुळगुळीत झालेली जागा कोणती? झीज कधी खोटे बोलत नाही. जिथे झीज तिथे हात, आणि हात कुठे हे कळले की काम कळते.

३. सुटे भाग वेगळे होऊ देऊ नका. एकट्या पात्याला किंमत नसते, आणि पात्यावाचून रंधा आंधळा. बदललेली पाचर, जोडलेली मूठ यांना कमअस्सल समजू नका. आपल्या माणसाचा हात त्यातच सापडतो.

४. काही सोप्या खुणा सांगतो. तळ सपाट नसून नक्षीच्या आकाराचा असेल तर तो गोलची-नक्षी काढायचा रंधा. दोन बाजूंना दोन मुठी आणि मध्ये आखूड पाते असेल तर गाडीचे आरे, दांडे गोल करायचे हत्यार. एका काठीवर सरकता ठोकळा आणि टोकाला खिळा असेल तर कडेशी समांतर रेघ ओढायचे साधन. वाकडा, हाताने फिरवायचा लोखंडी दांडा असेल तर भोके पाडायचा. सगळा लोखंडी, दोन सळ्यांचा आणि बरोबर डबीभर पात्यांचा रंधा निघाला, तर तो आपल्या या नांगराचा अमेरिकन नातू असण्याचा संभव आहे. स्टॅन्ले कंपनीने आपला ४५ नंबरचा असा रंधा १८८४ पासून १९६२ पर्यंत बनवला.

५. गंज असेल तर शिलाई मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवा आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने हलके घासा. लाकूड फार कोरडे वाटले तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जादा तेल पुसून घ्या. एक सावधगिरी लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळू द्या.

६. विकायचे असेल तर खुशाल विका, पण ओळख पटल्यावर. यातून सोन्याची खाण निघेल अशी आशा धरू नका. अशी हत्यारे विलायतेत हजारोंनी बनली. मात्र भंगाराच्या भावापेक्षा ती नक्कीच जास्त मोलाची असतात.

७. आणि सर्वांत तातडीचे म्हणजे, गावातल्या सर्वांत वयस्कर सुताराला आधी विचारा. पुस्तक पुढच्या वर्षीही मिळेल.

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलाबाळांना दाखवा. अडकित्ते, दिवे, कोरीव दारे, घरोघरी वापरात असलेल्या वस्तू तिथे किती जिव्हाळ्याने जमवल्या आहेत ते पाहिले, म्हणजे माळ्यावरच्या पेटीकडे बघायची नजर बदलते.

आत्याने रंधा विकला नाही. फडताळातच, वरच्या कप्प्यात ठेवला आहे. पाहुणे आले की ती दार उघडते, फळी खडखडते, आणि कोणी विचारले की सांगते, "मामंजी गिरगावात सुतार हुते. ही खडखड त्यांनी मुद्दाम ठेवल्याली हाय."

तुमच्या घरी असे काही निघाले तर चारी बाजूंनी फोटो काढून, लांबी-रुंदी लिहून, आणि ते कोणाचे होते हे कळवून पत्र पाठवा. जमेल तेवढे ओळखायचा प्रयत्न करू. घासू मात्र नका.